पुरात सगळीकडे पाणी, मग प्यायचं काय? नेपाळ सीमेवरच्या कोसीकाठच्या गावांनी शोधलेली उत्तरं

भिवंडीच्या लूमवर, पुण्यातल्या एखाद्या बांधकामावर किंवा आपल्याच सोसायटीच्या गेटवर काम करणाऱ्या माणसाला कधी गाव विचारलंय? बहुतेक वेळा "बिहार" एवढंच उत्तर मिळतं. थोडं खोदून विचारा. सुपौल, सहरसा, मधुबनी यातलं एखादं नाव आलं, तर पुढचा प्रश्न असा विचारा, "गाव तटबंधाच्या आत की बाहेर?"

तो चमकून तुमच्याकडे बघेल. कारण त्या भागात माणसाचं अर्धं नशीब याच एका प्रश्नावर ठरतं.

तर ही गोष्ट आहे कोसी नदीची आणि तिच्या काठावर, खरं तर तिच्या पात्रातच, राहणाऱ्या लोकांची. "लोकसहभागातून ग्रामविकास" हा शब्द आपण सरकारी फलकांवर इतक्या वेळा वाचलाय की त्याचा अर्थच पुसट झालाय. कोसीच्या खोऱ्यात या शब्दाचे दोन अगदी उलटे अर्थ बघायला मिळतात.

आधी नदी समजून घेऊ.

कोसीचं पाणी येतं हिमालयातून. एव्हरेस्ट आणि कांचनजंगाच्या उतारांवरचं पाणीसुद्धा हिच्यातच येतं. सात नद्या मिळून ती बनते म्हणून नेपाळमध्ये तिला सप्तकोशी म्हणतात. चतरा नावाच्या ठिकाणी ती डोंगर सोडते आणि एकदम सपाट जमिनीवर येते. उतार संपला की वेग संपतो, वेग संपला की सोबत आणलेला गाळ खाली बसतो. पात्र उथळ होत जातं आणि मग नदी सरळ बाजूला सरकते. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ती अशी सुमारे १२० किलोमीटर पश्चिमेला सरकली. पुण्यातली मुठा दोनशे वर्षांत साताऱ्यापर्यंत पोचली अशी कल्पना करा, म्हणजे अंदाज येईल.

अशा नदीकाठी राहणारे लोक काय करायचे? तिच्यासोबत जगायला शिकले. कुडाची, बांबूची घरं बांधली, जी गरज पडली तर सोडवून दुसरीकडे उभी करता येतात. पाण्यासोबत उंच वाढणारा भात लावला. देसरिया म्हणतात त्याला. पाणी किती चढलंय त्यावरून पुराला वेगवेगळे शब्द होते: बाढ़, बोह, हुम्मा, साह आणि सगळ्यात शेवटी प्रलय. म्हणजे नदीचं पाणी शेतात आलं की लगेच आपत्ती, असं तिथे नव्हतं. उलट गाळ आला की पुढचं पीक चांगलं यायचं.

हे सगळं गोड चित्र होतं असं नाही. माणसं मरायची, मलेरिया आणि काळा आजार पाचवीला पुजलेला असायचा. त्यामुळे "नदीला बांध घाला" ही मागणी लोकांचीसुद्धा होती, हे विसरून चालणार नाही.

लोकसहभागाचा पहिला अर्थ

एप्रिल १९५४ मध्ये भारत आणि नेपाळ यांच्यात कोसी करार झाला. बॅरेज नेपाळच्या हद्दीत, चालवायची जबाबदारी मात्र बिहारकडे. १९५५ मध्ये नदीच्या दोन्ही बाजूंनी मातीचे लांबच लांब तटबंध घालायला सुरुवात झाली.

आणि हे काम त्या काळी लोकसहभागाचं मोठं उदाहरण म्हणून गाजलं बरं का! भारत सेवक समाजाच्या माध्यमातून हजारो गावकरी श्रमदानाला आले. अर्धपोटी राहू पण बांध बांधू, अशा अर्थाच्या घोषणा दिल्या गेल्या. लोकांनी डोक्यावरून माती वाहिली.

पण तटबंध कुठून जाणार, कोणतं गाव आत राहणार आणि कोणतं बाहेर, हे त्या माती वाहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. घाम लोकांचा, नकाशा दुसऱ्याचा.

तटबंध पूर्ण झाले तेव्हा तीनशेहून जास्त गावं दोन भिंतींच्या मध्ये अडकली होती. घरासाठी बाहेर जागा मिळेल असं त्यांना सांगण्यात आलं. काहींना मिळालीही. पण शेत आतच राहिलं. शेत एका बाजूला आणि घर कित्येक किलोमीटर लांब, मध्ये तटबंध आणि नदीचे चार-पाच प्रवाह. असं कोण किती दिवस करणार? लोक परत आत गेले. आज या दोन तटबंधांच्या मध्ये सुमारे १० लाख लोक राहतात असं सांगितलं जातं.

बाहेरच्यांचं भलं झालं का? तेही अर्धंमुर्धंच. गाळ आता पसरत नाही, तटबंधांच्या मध्येच साचतो. त्यामुळे नदीचं पात्र आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच होत गेलं. शिवाय बाहेर पडलेल्या पावसाला नदीत जायला वाट राहिली नाही, तो तिथेच तुंबून बसतो. १९५४ च्या सुमारास बिहारमध्ये सगळे मिळून १६० किलोमीटर तटबंध होते. पुढे ते साडेतीन हजार किलोमीटरच्या वर गेले. आणि पूरप्रवण क्षेत्र? ते २५ लाख हेक्टरवरून जवळपास ६९ लाख हेक्टरवर गेलं. बांध वाढले तसा पूरही वाढला.

१९८४ मध्ये सहरसा जिल्ह्यात नौहट्टाजवळ पूर्वेकडचा तटबंध फुटला आणि लाखो लोक बेघर झाले. तिथे घरबांधणीच्या कामासाठी दिनेश कुमार मिश्र नावाचे आयआयटी खरगपूरचे इंजिनिअर गेले. ते मग नद्यांच्या अभ्यासातच रमले. त्यांनी बाढ़ मुक्ती अभियान सुरू केलं, गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि विधानसभेतल्या जुन्या चर्चा एकत्र केल्या. तटबंधांचा हा सगळा इतिहास आज आपल्याला माहीत आहे तो बऱ्याच अंशी त्यांच्या चिकाटीमुळे.

मग आलं २००८. १८ ऑगस्टला नेपाळमधल्या कुसहा इथे तटबंध फुटला. गंमत म्हणा किंवा शोकांतिका, तटबंधाची रचना साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी केली होती आणि तो फुटला तेव्हा नदीत पाणी होतं दीड लाखाच्या आसपास. म्हणजे पूर मोठा नव्हता, देखभाल नव्हती. नदी पूर्वेला वळली आणि पिढ्यान्‌पिढ्या पूर न पाहिलेल्या गावांतून वाहू लागली. सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया, पूर्णिया या जिल्ह्यांतले ३० लाखांहून अधिक लोक अडकले.

चार बांबू आणि एक प्लास्टिकचा कागद

आता लोकसहभागाचा दुसरा अर्थ.

पूर आला की मदतीच्या गाड्यांतून काय येतं? चिवडा, गूळ, मेणबत्त्या, ताडपत्री. पण पुरात अडकलेल्या बाईला विचारलं की सगळ्यात मोठी अडचण काय, तर उत्तर येतं पिण्याचं पाणी. आजूबाजूला छातीभर पाणी, पण त्यात जनावरं मेलेली, संडास मिसळलेले. गावात पाण्यासाठी असतो चापाकल, म्हणजे आपला हापसा. तो बुडालेला. आणि जो वर राहिला असेल त्याच्या पाण्यात लोह इतकं की भांडी लाल होतात, भात काळपट होतो.

२००५-०६ च्या सुमारास उत्तर बिहारच्या काही जिल्ह्यांत स्थानिक संस्था एकत्र आल्या आणि मेघ पाइन अभियान सुरू झालं. मैथिलीत पाइन म्हणजे पाणी, मेघ पाइन म्हणजे ढगाचं पाणी. एकलव्य प्रसाद यांनी या कामाला आकार दिला.

त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. पूर येतो पावसाळ्यात. पावसाळ्यात वरून स्वच्छ पाणी पडत असतं. मग आपण खालचं घाण पाणी का पितोय?

उपायही तेवढाच साधा. तटबंधावर किंवा उंच जागी चार बांबू रोवायचे, त्यांना प्लास्टिकचा कागद बांधायचा, मध्ये खोलगट ठेवायचा. मधल्या छिद्राला फडकं लावायचं आणि खाली बादली. पहिल्या काही मिनिटांचं पाणी सोडून द्यायचं, मग भरायला घ्यायचं. झालं.

वाचताना वाटतं, यात काय एवढं? पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे पुरात अडकलेलं कुटुंब हे स्वतःच्या हाताने, कुणाचीही वाट न बघता करू शकतं. होडी येईपर्यंत, टँकर येईपर्यंत थांबायला नको. दुसरी म्हणजे यासाठी पुराआधी तयारी लागते. कागद घरात हवा, बांबू हवा आणि पावसाचं पाणी पिण्याजोगं असतं हा विश्वास हवा. त्या विश्वासासाठी गावागावात बैठका घ्याव्या लागल्या. कागद वाटण्यापेक्षा हे काम जास्त अवघड असतं.

पुढचा प्रश्न आला साठवणीचा. पाऊस रोज पडेल असं नाही. इथे गावातल्याच माणसांचं डोकं चाललं. तिथे धान्य ठेवायला बांबूच्या कोठ्या करतात. आपल्याकडची कणगी आठवा, तीच. बांबू विणणारे कारागीर गावात होतेच. त्याच कणगीला आतून-बाहेरून लेप देऊन पाणी धरेल अशी केली आणि नाव पडलं जल कोठी. कारखान्यातली टाकी विकत घ्यायची तर पैसा गावाबाहेर जातो. इथे तो बांबू विणणाऱ्याच्या घरात राहिला.

लोह आणि काही भागांतल्या आर्सेनिकसाठी मातीच्या मडक्यांची गाळणी आली. मटका फिल्टर म्हणतात त्याला, बनवतो कुंभार. हापसे आल्यावर कचरा टाकून बुजवलेल्या जुन्या विहिरी लोकांनी उपसल्या, साफ केल्या. मग संडासाकडे मोर्चा वळला, कारण पुरात बायकांचे सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात. अंधार पडायची वाट बघायची, म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही, खायचं कमी. उंच जोत्यावरचे, पाण्याने खड्डा भरून वाहणार नाही असे दोन कप्प्यांचे संडास बांधले गेले. मैल्याचं खत होऊन शेताला जातं म्हणून त्यांचं नाव पडलं फायदेमंद शौचालय! सरकारी योजनेला असं नाव सुचलं नसतं.

सीमेपलीकडून येणारा फोन

आता सीमेचा विषय. भारत-नेपाळ सीमा उघडी आहे. दोन्ही बाजूंना मैथिली बोलली जाते, दोन्हीकडे सोयरिकी आहेत. तिथे म्हणतात, रोटी-बेटीचं नातं आहे. पण पुराची सरकारी सूचना या नात्याने येत नाही. ती काठमांडूहून दिल्ली, दिल्लीहून पाटणा, पाटण्याहून जिल्हा, मग तालुका असा प्रवास करते. मोठ्या नदीला हे चालूनही जाईल. पण चुरे डोंगरातून येणाऱ्या छोट्या नद्या काही तासांत फुगतात. सूचना टेबलावर असते तोवर पाणी घरात आलेलं असतं.

काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने आधी आसाममध्ये आरण्यक या संस्थेसोबत एक प्रयोग केला होता, जियाधल नदीवर. वरच्या गावाजवळ नदीत पाण्याची पातळी मोजणारं साधं उपकरण लावायचं. पाणी ठरलेल्या खुणेला लागलं की राखणदाराच्या घरात भोंगा वाजतो. तो फोन उचलतो आणि खालच्या गावांना कळवतो. या कामाला २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक परिषदेत पुरस्कारही मिळाला.

हीच पद्धत मग नेपाळ-बिहार सीमेवर आली. रातू नदी नेपाळच्या महोत्तरी जिल्ह्यातून बिहारच्या सीतामढीत येते, खांडो नदी सप्तरीतून सुपौलमध्ये. वरच्या नेपाळी गावातला राखणदार खालच्या भारतीय गावातल्या ओळखीच्या माणसाला थेट फोन करतो. परवानगी नको, पत्रव्यवहार नको. ऑगस्ट २०१७ मध्ये तराईत आणि उत्तर बिहारमध्ये प्रचंड पूर आला, तेव्हा रातूकाठच्या सीतामढीतल्या भिट्ठामोडपर्यंत असा निरोप आधी पोचला होता.

काही तास आधी कळून काय होतं? ज्याने सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा महापूर पाहिलाय त्याला हे विचारायची गरज नाही. म्हैस सोडता येते. धान्य माळ्यावर चढवता येतं. आधार कार्ड आणि जमिनीचे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळता येतात. म्हातारी सासू आणि दिवस भरलेली सून आधी तटबंधावर पोचवता येते. उचलून नेता येईल अशी मातीची चूल आणि थोडं कोरडं सरपण सोबत घेता येतं. चुलीची आठवण बैठकीत नेहमी बायकाच काढतात.

यातला कच्चा दुवा मात्र सांगायलाच हवा. उपकरण बिघडतं, बॅटरी संपते, राखणदार गाव सोडतो. प्रकल्पाचा पैसा आहे तोवर दुरुस्ती होते. त्यानंतर तो खर्च पंचायतीने उचलायचा की जिल्हा प्रशासनाने, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी लटकत राहतो.

किल्लारीशी काय संबंध?

२००८ च्या पुरात पडलेली घरं पुन्हा कशी बांधायची यावर बिहारमध्ये मोठी चर्चा झाली. त्या चर्चेची मुळं थेट आपल्या लातूर-उस्मानाबादपर्यंत जातात.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याकडे दोन पद्धती एकाच वेळी वापरल्या गेल्या. जास्त पडझड झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली, तिथली घरं बहुतेक ठेकेदारांनी बांधली. एकसारख्या ओळी, रुंद रस्ते, पण गावपण हरवलेलं. दुसरीकडे लाखाहून जास्त घरं मालकांनी स्वतः सरकारी मदतीतून दुरुस्त केली किंवा मजबूत केली. शेकडो गावांत बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. पैसे कधी मिळणार, भिंत कशी बांधायची हे त्या घरोघर समजावत. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं हे काम.

२००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये मालकाने स्वतः घर बांधण्याची हीच पद्धत आणखी मोठी झाली आणि तिथला अनुभव घेतलेल्या संस्था २००८ नंतर कोसीत पोचल्या. ठेकेदार नको, हप्त्याहप्त्याने पैसे कुटुंबाच्या खात्यात, घर विटांचं की बांबूचं ते कुटुंब ठरवणार. सोबत संडास आणि सौर दिवा. सुपौल जिल्ह्यात आधी नमुना म्हणून बांबूची पक्की घरं उभारली गेली. जोतं उंच, बांबूला औषध लावलेलं, खांबाचा पाया काँक्रीटचा.

पण एक अडचण आली, जी कुठल्याही नकाशात नव्हती. घर बांधायचं कुठे? कोसीतल्या कित्येक मजूर कुटुंबांच्या नावावर घरापुरतीही जागा नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी, तीही वाहून गेलेली. जमीन घ्यायला वेगळी रक्कम देण्याची तरतूद करावी लागली, मगच कामं हलली. याच काळात जीविका या सरकारी कार्यक्रमाचे बचत गट कोसी भागात वाढले. गटातली दीदी बँकेत जायला शिकली होती. त्यामुळे कोणाचा हप्ता अडकला हे विचारणारं कुणीतरी गावात होतं. आज बिहारभर एक कोटीहून जास्त बायका या गटांत आहेत.

जे गावाच्या हातात नाही

इथपर्यंत वाचून "बघा, लोकांनी ठरवलं तर काय होत नाही" असं म्हणायचा मोह होतो. मला तो मोह धोक्याचा वाटतो. कणगीत पाणी साठवता येतं, पण तटबंध कुठे असावा हे कणगी ठरवू शकत नाही.

तटबंधांच्या आतल्या लोकांसाठी बिहार सरकारने १९८७ मध्ये कोसी पीडित विकास प्राधिकार स्थापन केला. नोकऱ्या, शाळा, दवाखाने, कर्ज असं बरंच काही त्याने करायचं होतं. तो प्रत्यक्षात कुठे काम करतो, हे आतल्या गावांचे लोक अजून विचारताहेत. त्यासाठी मोर्चे निघाले, प्रकरण पाटणा हायकोर्टापर्यंत गेलं.

दुसरा मुद्दा जमिनीचा. शेत नदीत गेलं तरी कागदावर ते शेतकऱ्याचंच असतं. मग पाण्याखालच्या जमिनीचा शेतसारा का भरायचा, ही तिथली जुनी तक्रार. आता राज्यात नव्याने जमीन मोजणी सुरू झाल्यावर उलटी भीती निर्माण झाली आहे. मोजणीच्या दिवशी जिथून नदी वाहतेय ती जमीन सरकारच्या नावे लागली, तर नदी उद्या सरकल्यावर शेतकऱ्याकडे काय राहणार? आपल्याकडे सातबाऱ्यावरून काय काय होतं ते आठवा आणि त्यात दर पावसाळ्यात जागा बदलणारी नदी मिसळा.

२८ सप्टेंबर २०२४ ला नेपाळमध्ये धुवांधार पाऊस झाला. कोसी बॅरेजचे सगळे ५६ दरवाजे उघडले आणि २९ तारखेच्या पहाटेपर्यंत विसर्ग ६ लाख ६१ हजार क्युसेकवर गेला. १९६८ नंतरचा, म्हणजे ५६ वर्षांतला हा सर्वाधिक आकडा. दरभंगा जिल्ह्यात भुभौलजवळ पश्चिमेकडचा तटबंध फुटला आणि ती बातमी देशभर झाली.

तटबंधाच्या आतल्या गावांसाठी मात्र फुटायला काही नव्हतं. सगळं पाणी त्यांच्या अंगावरूनच गेलं. घरं पडली, भाताच्या शेतांवर वाळूचा थर बसला. पंधरा दिवसांनी दसरा होता. मग दिवाळी आणि छठ झाली आणि पुण्या-मुंबईच्या गाड्यांना परत नेहमीसारखी गर्दी होती.